बोललं का पातं

"हा सुरा डाव्या हाताच्या माणसासाठी बनवलाय का?" तितीनं फोन हातभर लांब धरून वाचलं आणि चष्मा कपाळावर सरकवून नवऱ्याकडे बघितलं. इदिंग अंगणात बसून कानशीचे दात तारेच्या ब्रशनं साफ करत होता. अंगण म्हणजे बांडुंगच्या त्या बोळातली दीड हाताची पट्टी. पण तिथं ऐरण होती, टेबलाला बोल्टनं आवळलेला पकडीचा शेगडा होता, तेलाचं आणि पाण्याचं अशी दोन पिंपं होती, वर तितीची मिरचीची तीन रोपंही होती, म्हणून त्याला अंगण म्हणायचं. सकाळचे आठ वाजले असतील. समोरच्या बाईनं बांबूच्या टोकाला पक्ष्याचा पिंजरा चढवला होता आणि पक्षी चोच उघडत होता, मिटत होता. "कोणता सुरा?" इदिंगनं विचारलं, घरात विकायला पन्नास सुरे असल्यासारखं. "अहो कांग, कोणता म्हणजे? एकाचाच तर फोटो टाकलाय मी. शिसवीच्या मुठीचा. काय कळवू त्या बाईंना?" कांग ही तिची नवऱ्याला हाक. "नाही म्हणून कळव," तो म्हणाला, आणि त्यानं ब्रश इतक्या जोरात घासला की दोन तारा तुटून मांडीवर पडल्या.

तितीनं नाही म्हणून कळवलं, आणि वर स्वतःच्या मनानं 'पण येऊन हातात धरून बघा, बघायला काय जातं' असंही कळवलं, कारण नवऱ्यानं घडवायचं आणि तिनं खपवायचं अशी त्यांच्यात गेल्या सहा वर्षांची वाटणी होती. जाहिरात तिचीच. 'हातानं घडवलेला सुरा, एकच नग. पातं ट्रकच्या कमानपाट्याच्या पोलादाचं, वीतभर. मूठ शिसवीची. घडवणारा स्वतः विकतोय, दुकान मध्ये नाही.' या शेवटच्या वाक्याचा तिला फार अभिमान होता. इदिंगला त्या सुऱ्याचा फोटो काढायचाच नव्हता. चार महिने तो सुरा तेलकट फडक्यात गुंडाळून खणात पडला होता. का, ते त्यानं सांगितलं नव्हतं. त्याला स्वतःलाही ते धड ठाऊक नव्हतं. हातात घेतला की नकोसा वाटायचा, बस. पाहुण्याच्या मांडीवर बळंच बसवलेलं मूल जसं अंग चोरून खाली उतरतं तसा तो तळहातातून उतरू बघायचा. बिघडलेला नग, कमी किमतीत जाऊ दे, असं तो म्हणाला होता. तिती म्हणाली होती, बिघडलेला कुठंय, उलट आजवरचा सगळ्यात देखणा झालाय, आणि तिनं किंमत वाढवून लिहिली होती.

आता मात्र तो हात धुऊन आत गेला. खण उघडला, फडकं सोडलं. सुरा उजव्या हातात धरला. मुठीचा फुगवटा बोटांच्या पेरांना टोचला. मग, कुणी बघत नाही ना अशी चोरून नजर टाकून त्यानं तो डाव्या हातात घेतला, आणि सुरा बसला. हात घालायचा अवकाश की जागा धरली. अंगठ्याला खळगा होता, करंगळीला टेकण होतं, तळव्याच्या मधल्या खोलीत लाकूड भरून आलं होतं. त्यानं पातं उजेडाकडे तिरकं केलं. एकाच बाजूनं धार काढायची त्यांच्या गावची रीत, बांबू फोडायला आणि सोलायला तीच बरी. पण ती बाजू उजवी. बत्तीस वर्षं तो उजवीच बाजू घासत आला होता. ही डावी होती. आता मुठीचं एक वेळ समजता आलं असतं. कानस उजव्या हातात असते, मूठ डाव्या हातात धरून फिरवून बघायची सवय असते, तेव्हा न कळत ती डाव्या हाताच्या मापाची होऊन बसली असेल. नवशिके करतात असा घोटाळा, आणि चोपन्नाव्या वर्षी माणूस पुन्हा नवशिका व्हायला लागतो, असं म्हणून हसता आलं असतं. पण धार? धार चुकून होत नाही. तीन दिवस घासायच्या फिरत्या पट्ट्यासमोर उभं राहावं लागतं धारेला. ते तीन दिवस तो कुठं होता? त्यानं सुरा डाव्या हातात तसाच धरून ठेवला आणि त्याला वाटलं, हा आपला हात नाही. अंगठा आखूड हवा. पंजा रुंद हवा, फणसाच्या फोडीसारखा. आणि अंगठा आखूड हवा, पंजा रुंद हवा हे वाटून गेल्यावर मग पुढचं नाव मनात आणायची गरज उरली नाही, ते आधीच येऊन खोलीत बसलं होतं.

दायात, त्याचा भाऊ, तीन वर्षांनी धाकटा. जन्माचा डावखुरा. शाळेत गुरुजींनी त्याचा डावा हात पंच्यानं बाकाला बांधून ठेवला होता तरी तो सुटला की फळ्याकडे डावाच धावायचा. आई लाजेनं अर्धी व्हायची. पाहुण्यांपुढं त्यानं डाव्या हातानं चहाचा पेला सरकवला की ती पदर तोंडाला लावायची, आणि तो दात काढून म्हणायचा, "पाहुण्यांना चहा हवाय का हात हवाय?" पण अबाहनं, म्हणजे त्यांच्या वडिलांनी, त्याला कधी मारलं नाही. चिविदेय गावच्या त्या सगळ्या लोहारआळीत डाव्या धारेचा कोयता कुणी घडवत नव्हतं. अबाहनं घडवला. दायात आठ वर्षांचा असताना पहिला, वीतभर. मग तो वाढेल तसा दर दोन वर्षांनी नवा. लोकांना पोराचे कपडे आखूड होतात, अबाहला त्याचा कोयता आखूड व्हायचा. इदिंगला तेव्हा याचा राग यायचा. उजव्या हाताच्या पोराला काय, बापाच्या ढिगातला कुठलाही चालायचा.

"अहो, त्या बाई येतायत अकराला," तिती दारातून ओरडली. तिचं ओरडणं त्याला नीट ऐकू यायचं, ते बारीक नव्हतं. बारीक आवाज मात्र गेली तीन-चार वर्षं हळूहळू त्याच्या आयुष्यातून उठून जात होते. आधी रातकिडे गेले. मग फोनची टिकटिक गेली, डास गेले (याबद्दल तक्रार नव्हती), मग समोरचा पक्षी गेला. पक्षी दिसायचा, चोच हलायची, पण गाणं कुणीतरी काढून घेतलं होतं. लोहाराचे कान असेच जातात. जाड आवाज राहतात, बारीक जातात. अबाहचे तर इदिंग चौदा वर्षांचा होता तेव्हाच गेले होते, आणि म्हणून चौदाव्या वर्षापासून इदिंग भट्टीवर बापाचा कान होता. त्याचं काम एवढंच. पातं लाल करून अबाह त्याला पाणी द्यायचा. तापलेलं पोलाद तेलात बुडतं, खदखदतं, धूर येतो, आणि त्या गदारोळात, कधी शंभरात एकदा, पातं बोलतं. मोठ्यानं नाही. काचेच्या बांगडीला बांगडी लागावी एवढंच. बोललं म्हणजे आत तडा गेला. डोळ्यांना दिसत नाही, नखाला लागत नाही, घासूनपुसून पातं आरशासारखं होतं, पण ते मेलेलं असतं. ते मोडीत टाकायचं आणि पहिल्यापासून दुसरं घडवायला घ्यायचं. अबाहला ते ऐकू येत नसे, म्हणून प्रत्येक पातं बुडवलं की तो मान वळवून इदिंगकडे बघायचा आणि विचारायचा, "बोललं का?" इदिंग म्हणायचा नाही, किंवा म्हणायचा हो. त्याच्या एका शब्दावर अबाह दोन दिवसांची मेहनत मोडीत फेकायचा, एकदाही उलट विचारायचा नाही. चौदा वर्षांच्या पोराच्या शब्दावर! लोहारआळीत याची चेष्टा व्हायची. आता हे काम तितीकडे होतं. ती स्वयंपाकघरातून मिरचीच्या हातानं यायची, पिंपाशी कान लावून उभी राहायची. या सुऱ्याच्या वेळीही राहिली होती. "बोललं का?" त्यानं विचारलं होतं. "नाही बोललं. तुमच्यापुढं बोलायची हिंमत आहे का कुणाची," ती म्हणाली होती आणि कढईकडे पळाली होती.

त्यानं सुरा पुन्हा फडक्यात गुंडाळला. मग उलगडला. कढईकडे पळाली होती. आज चार महिन्यांनी हे त्याला असं आठवलं. ती खोटं बोलली असेल असं नाही. तिती पंचवीस वर्षांपूर्वीच्या भांडणातलंही खरंच बोलायची, तोच तर तिचा त्रास होता. पण घाईत असलेलं माणूस नाही म्हणतं. नाही म्हणणं सोपं असतं. नाही म्हटलं की सगळं जिथल्या तिथं राहतं, पुढचं काम पुढं जातं, कढईतलं जळत नाही. हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार.

कारण अबाहच्या भट्टीवरच्या त्या दिवशी त्याला चारची गाडी गाठायची होती. एवढंच कारण. एकोणतीस वर्षं त्यानं यापेक्षा मोठं कारण शोधून बघितलं होतं. दायातवर राग होता का, भावाभावांचं काही होतं का, बापाच्या लाडाची आग होती का. असती तर बरं झालं असतं. पण नव्हती. त्या दिवशी तर दायातनं त्याला स्वतःचा इस्त्रीचा सदरा घालायला दिला होता आणि म्हणाला होता, "अका, घामाचा वास नको मारू हां तिला, नाहीतर ती माझ्याकडे येईल सदऱ्याच्या वासानं." अका म्हणजे थोरला भाऊ. तिती त्या वेळी सोरेआंगमध्ये शिवणक्लासला होती आणि साडेपाचला थांब्यावर उभी राहणार होती. दायातचा नवा कोयता हे शेवटचं पातं होतं त्या दिवसाचं. अबाहनं ते लाल केलं, बुडवलं, धूर आला. आणि धुरातून ते बोललं. इतकं स्वच्छ की इदिंगला वाटलं आळीतल्या सगळ्यांनी ऐकलं असेल. अबाहनं मान वळवली. त्याच्या भुवयांवर काजळी होती, डोळे पाणावलेले होते धुरानं. "बोललं का?" इदिंगनं खुंटीवरच्या सदऱ्याकडे बघितलं. बोललं म्हटलं तर दुसरं पातं घ्यायचं, म्हणजे पुन्हा भाता, पुन्हा घण, म्हणजे दिवेलागण. "नाही," तो म्हणाला. उद्या सांगू असंही त्याच्या मनात होतं. उद्या उजाडला तेव्हा दायातनं पात्याला मूठसुद्धा बसवली होती. तिसऱ्या दिवशी तो ते कमरेला लावून मिरवत होता. मग सांगायचं कसं, हा प्रश्न रोज एका दिवसानं मोठा होत गेला. चारची गाडी मात्र त्याला मिळाली. तिती अजून सगळ्यांना सांगते, आमचे हे लग्नाआधी एकदासुद्धा उशिरा आले नाहीत.

एकविसाव्या दिवशी दायात नीरा काढायला माडावर चढला. गुळाचा माड, पंधरा-सोळा हात उंच, बुंध्याला खाचा पाडलेला बांबू उभा बांधलेला, त्यावर पाय देत वर जायचं. वर त्यानं मोहराच्या दांड्यावर कोयता घातला, डाव्या हातानं, पूर्ण ताकदीनं, आणि तो ताकदीचा हात कोयत्यासकट पुढं जायच्या ऐवजी नुसताच पुढं गेला. खाली येताना बांबूही त्याच्या वजनानं फुटला. लोकांनी फुटलेला बांबू बघितला. आतून भुंग्यानं पोखरलेला होता, पीठ सांडत होतं. बांबू अबाहनं तोडलेला. चंद्र भरतीला असताना बांबू तोडायचा नाही, त्यात गोडी चढलेली असते, कीड लागते, हे आळीतल्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं. अबाहलाही ठाऊक होतं, पण जुना बांबू वाकला होता आणि त्यानं चार दिवस थांबायचं सोडून तोडून टाकला होता. सगळं जुळलं. कोयता कुठं गेला हे कुणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी इदिंग एकटा गेला. मुठीकडचा अर्धा तुकडा आल्याच्या वाफ्यात पडला होता. टोकाकडचा खाली सापडेना. मग त्यानं वर बघितलं. तो वर दांड्यात रुतून होता आणि त्याच्यावरून नीरा ठिबकत होती, थेंब थेंब, एक दिवस आणि एक रात्र ठिबकत होती. तो दुसरा बांबू लावून वर चढला. तुकडा उपसला. तुटलेल्या कडेवर सगळं पोलाद साखरेसारखं चकचकीत होतं, फक्त एका टोकाला नखाएवढा काळा डाग होता. नव्या तुटीला काळं येत नाही. काळं म्हणजे ती चीर त्या दिवशीची होती, तेलातली, धुरातली. त्यानं दोन्ही तुकडे नदीत टाकले. बोटांना नीरेचा चिकटा राहिला होता. तो त्यानं वाळूनं घासून काढला. अबाहनं त्या महिन्यात भट्टीत पाणी ओतलं आणि पुन्हा कधी पेटवली नाही.

"कांग! अहो, त्या आल्यासुद्धा!" तिती एका हातानं केस सारखे करत, दुसऱ्या हातानं खुर्चीवरचे कपडे कोंबत बाहेर धावली. बाई पन्नाशीच्या होत्या, काटक, डोक्याला फिकट हिरवा रुमाल, पायांत पुरुषी चपला. नाव वारसिह. शहराच्या वरच्या अंगाला त्या बांबूची वाद्यं बनवत, खुळखुळ्यासारखी हलवून वाजवायची, एकेका सुराचा एकेक बांबू. "बसते कसली," त्या म्हणाल्या, "आधी सुरा दाखवा. तुमच्या मंडळींनी कळवलं डावा नाही म्हणून. मी म्हटलं, फोटोत तर धार डावीकडे दिसते, म्हणजे एक तर फोटो उलटा आहे नाहीतर घडवणारा." तिती खो खो हसली. "घडवणाराच असेल हो बु, फोटो मी काढलाय." बु म्हणजे बाई. इदिंगनं सुरा पुढं केला आणि त्याच्या लक्षात आलं की तो डाव्या हातानं देतोय. तितीनं डोळे वटारले. पाहुण्याला डाव्या हातानं! पण वारसिहबाईंनी तो डाव्याच हातानं घेतला, अगदी सहज, दोन डावे हात पात्यापाशी भेटले. त्यांनी बोटं मिटली. उघडली. पुन्हा मिटली. "अल्ला," त्या हळू म्हणाल्या. "चाळीस वर्षं मी उजव्यांच्या सुऱ्यांनी बांबू सोलतेय. मनगट वाकडं करून. आई म्हणायची, सुरा नाही ग वाकडा, तू वाकडी." त्यांनी मुठीकडे बघितलं. "कुणासाठी केला होता?"

"कुणासाठी नाही."

"असं कसं. हे माप आहे कुणाचं तरी. माझ्यापेक्षा रुंद पंजा. पुरुषाचा." मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी तो विषय सोडून दिला, तशा त्या शहाण्या होत्या. "बरं, खोट नाही ना काही?" हा प्रश्न प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं आणि प्रत्येक विकणारा नाही म्हणतो. इदिंगनं तोंड उघडलं आणि नाही हा शब्द आलाच नाही. तोंडात तो होता, जिभेवर होता, पण त्याचं वजन एवढं झालं होतं की उचलेना. "मला माहीत नाही," तो म्हणाला. तितीनं चहाचा ट्रे जागच्या जागी धरला. "माझे कान गेलेत, बु. पाणी देताना पातं बोललं तर मला कळत नाही. ही ऐकते." "मग तेतेह, बोललं का?" बाईंनी तितीला विचारलं. तेतेह म्हणजे ताई. "नाही हो," तिती म्हणाली, आणि मग, ती तिती होती म्हणून, तिनं क्षणभर विचार केला. "म्हणजे मला तरी नाही ऐकू आलं. कढईत मासा होता माझा."

वारसिहबाई हसल्या नाहीत. त्यांनी सुरा दोन बोटांच्या चिमटीत मुठीपाशी सैल धरला, टोक खाली, आणि मधल्या बोटाच्या नखानं पात्यावर टिचकी मारली. कान जवळ नेला. सरकवला, पुन्हा टिचकी. वरून खालपर्यंत अशा सात-आठ ठिकाणी. डोळे मिटलेले. सुरांच्या बाईला बांबूतली चीर ऐकू येते, पोलादातली येणार नाही असं थोडंच आहे. बोळात एक फिरता विक्रेता ओरडत गेला तेव्हा त्यांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि तो जाईपर्यंत वाट बघितली. इदिंग त्यांच्या नखाकडे बघत होता. नख पात्याला लागत होतं, सुटत होतं, लागत होतं, आणि काही होत नव्हतं, समोरच्या पक्ष्याच्या चोचीसारखं. त्याला अचानक मनापासून वाटलं की त्यात चीर असावी. असेल तर हा सुरा मोडीत जाईल, हा पंजाही जाईल, सगळं नदीत जाईल पुन्हा. बाईंनी डोळे उघडले. "साफ आहे," त्या म्हणाल्या. "काय सुरेख घुमतंय, कुठंसुद्धा अडत नाही. ऐकलंत ना?" "नाही," इदिंग म्हणाला. त्या सकाळपासून, त्या वर्षापासून, हे त्याचं पहिलं खरं नाही होतं.

तेवढ्यात आतून चपलांची फरफर आली. अबाह. त्र्याऐंशी वर्षांचा, कमरेत वाकलेला, चौकडीची लुंगी, अंगात लेकाचा जुना स्वेटर. आई गेल्यावर त्यांनी त्याला गावाहून आणलं होतं आणि तो मागच्या खोलीत दिवसभर रेडिओसमोर बसायचा, जो लागलेला नसायचा. पाहुणा आला की मात्र त्याला हवेतूनच कळायचं. "कोण आलंय?" तो बहिऱ्या माणसाच्या आवाजात गरजला. मग त्याला वारसिहबाईंचा डावा हात दिसला. त्या हातात सुरा दिसला. तो थांबला. जवळ आला, परवानगी न विचारता बाईंचं मनगट धरून पातं उजेडाकडे वळवलं आणि धारेच्या बाजूवर अंगठा फिरवला. एकोणतीस वर्षांत त्यानं लोखंडाला हात लावला नव्हता. पण अंगठ्याला सगळं पाठ होतं. "दायातचा," तो म्हणाला. विचारलं नाही, सांगितलं. अबाहनं मान डोलावली, जणू हे कधीतरी व्हायचंच होतं, आणि बाईंकडे वळून त्यानं ते सुरू केलं जे तो पोस्टमनला सांगायचा, वीजबिलवाल्याला सांगायचा, मशिदीत शेजारी बसेल त्याला सांगायचा. "माझा धाकटा, बु. डावा होता. माडावरनं पडला. माझ्यामुळं. चंद्र भरतीला होता आणि मी बांबू तोडला. चार दिवस, नुसते चार दिवस थांबलो नाही मी." तितीनं हळूच म्हटलं, "अबाह, बाईंना चहा तरी घेऊ द्या." अबाहला ते ऐकू गेलं नाही. "माझ्या बापानं शिकवलं होतं मला. पौर्णिमेला तोडू नको. मला माहीत होतं, बु. माहीत असून तोडला." प्रत्येक वेळी तो इथं दोन बोटं कपाळावर टेकवायचा, तशी टेकवली.

इदिंगनं हे हजार वेळा ऐकलं असेल. या जागी उठून कानस घ्यायची, काहीतरी घासायला लागायचं, कानशीचा आवाज जाड असतो, त्यात बरंच बुडतं, ही त्याची युक्ती होती. आज हात कानशीकडे गेलाही. पण समोर तो सुरा होता, बाईंच्या मुठीत, कुठंही न अडता घुमणारा, आणि त्याला वाटलं, हा चार महिने खणात पडून वाट बघत होता ती गिऱ्हाईकाची नव्हे. "बांबूचा दोष नव्हता," तो म्हणाला. स्वतःशीच म्हटल्यासारखं. "काय?" अबाहनं त्याचे ओठ हललेले बघितले. "बांबूचा दोष नव्हता, अबाह." "मोठ्यानं बोल, मेला आहेस का?" मग इदिंगला ओरडावं लागलं. आयुष्यभर जे कानातसुद्धा सांगता आलं नाही ते त्याला बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईल एवढ्या आवाजात ओरडावं लागलं. समोरची बाई पिंजऱ्याखाली थांबली, बोळाच्या तोंडाशी टोफू तळणाऱ्यानं झारा वर धरला. "बांबूमुळं नाही पडला तो! कोयता तुटला! कोयता बोलला होता, अबाह! त्या दिवशी! तुम्ही मला विचारलंत! मी नाही म्हटलं!" आणि मग, कारण ओरडण्यात आता काही राखून ठेवता येत नव्हतं, "मला गाडी गाठायची होती!"

तितीच्या हातातला ट्रे कलंडला नाही, ती तसली बाई नव्हती. तिनं तो टेबलावर ठेवला, नीट, आणि मग ठेवलेल्या ट्रेकडे बघत उभी राहिली. साडेपाचचा थांबा तिच्या चेहऱ्यावर येऊन गेला. शिवणक्लासची पिशवी, इस्त्रीचा सदरा, त्याला सदरा जरा सैल होतो म्हणून ती हसली होती ते. वारसिहबाईंना निघून जायचं होतं आणि जाता येत नव्हतं. अबाह इदिंगकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांत काय चाललंय ते कळत नव्हतं, म्हातारपणानं त्यांवर निळसर साय धरली होती. इदिंग वाट बघत होता. मारेल. मारावं. किंवा रडेल, किंवा वळून आत जाईल आणि ते दार पुन्हा उघडणार नाही. एकोणतीस वर्षांत त्यानं हे सगळं मनात करून घेतलं होतं, प्रत्येक प्रकारानं, पाठ होतं त्याला. म्हाताऱ्याचा हात वर आला तेव्हा त्यानं डोळे मिटले. हात त्याच्या गालावर आला नाही. तो त्याच्या हनुवटीखाली आला, गळ्याशी, आणि तिथंच राहिला, बोटं पसरून, भात्याची चामडी कुठं फाटलीय का हे चाचपावं तसा.

"कसा बोलला?" अबाहनं विचारलं.

इदिंगला कळलं नाही. "काय?"

"आवाज. मी विसरलो तो. तू भट्टीवर यायच्या आधीपासून नाही ऐकला. कसा होता?"

इदिंगनं ओठ ओले केले. मग जीभ दातांमागं टेकवून, घशात नाही, अगदी पुढं, त्यानं तो आवाज केला. टिंग्. त्याला स्वतःलाही तो ऐकू आला नाही, नुसता दातांत जाणवला. पण वारसिहबाईंनी चटकन मान वर केली, आणि तितीनंही, म्हणजे बरोबर झाला असावा.

अबाहची बोटं त्याच्या गळ्यावर तशीच होती. बोटांना काही जाणवलं नव्हतं. "पुन्हा," तो म्हणाला. इदिंगनं पुन्हा केला. म्हाताऱ्यानं दुसऱ्या हाताचा पंजा कानामागं धरला, मान वाकवली, तोंड थोडं उघडं राहिलं, लहान मुलाचं राहतं तसं. "मोठ्यानं कर ना," तो म्हणाला. "मला कळत नाही."

"मोठा नव्हता तो, अबाह," इदिंग म्हणाला. "एवढाच होता."